घोडा कोणाच्या ताब्यात? इंग्लंडमधल्या लिव्हरी यार्डचा विमा काढताना

इंग्लंडमध्ये घोडा बाळगणाऱ्या अनेकांकडे तो ठेवायला स्वतःची जागा नसते. दरमहा पैसे भरून ते घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवतात. या पागेला तिकडे लिव्हरी यार्ड म्हणतात. अशा एका यार्डची कागदपत्रं आम्ही सांभाळतो आणि त्यातलं सगळ्यात किचकट प्रकरण म्हणजे विमा. यार्डची रचना नेहमीचीच: लाकडी ठाणांच्या रांगा, गवताचं कोठार, खोगीरखोली, वाळू घातलेलं सरावाचं रिंगण, मागे कुरणं आणि कुरणांना लागून वाहता रस्ता.

नव्याने यार्ड चालवायला घेणारा माणूस ब्रोकरला पहिला फोन करतो तो 'वीस घोड्यांचा विमा हवाय' असं सांगायला. घोळ तिथूनच सुरू होतो. घोडे यार्डचे नसतातच. घोड्याला पोटशूळ उठला, शस्त्रक्रिया करावी लागली, घोडा दगावला, तर त्याचा विमा मालकाने स्वतः काढलेला असायला हवा. यार्डने विमा काढायचा तो स्वतःच्या जबाबदारीचा, स्वतःच्या इमारतींचा आणि स्वतःच्या उत्पन्नाचा. त्यातही जबाबदारी किती, हे घोडा त्या वेळी कोणाच्या ताब्यात होता यावर ठरतं.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी आम्ही एक तक्ता करतो. प्रत्येक घोड्यापुढे लिव्हरीचा प्रकार आणि दिवसभरातली कामं: सकाळी चंदी कोण घालतं, कुरणात कोण सोडतं, संध्याकाळी आत कोण आणतं, ठाण कोण साफ करतं, झूल कोण बदलतं, नालबंद आला की घोडा कोण धरतं. डीआयवाय लिव्हरीत यार्ड फक्त ठाण आणि कुरण देतं, बाकी सगळं मालकाने करायचं. फुल लिव्हरीत सगळं यार्ड करतं. असिस्टेड आणि पार्ट लिव्हरी या दोन्हींच्या मधल्या पायऱ्या. ग्रास लिव्हरीत घोडा बारमाही कुरणातच असतो. वर्किंग लिव्हरी मात्र वेगळी: मालकाला सवलत देऊन त्याचा घोडा यार्ड शिकवण्यांसाठी वापरतं. असा एक जरी घोडा असला तरी धंद्याचं वर्णन बदलतं. पैसे घेऊन लोकांना घोड्यावर बसवायचं, तर इंग्लंडमध्ये 2018 च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. नुसत्या लिव्हरीला तो लागत नाही.

हा तक्ता भरताना खरी गंमत डीआयवायच्या रांगेत कळते. कागदावर यार्ड त्या घोड्याला हातही लावत नाही. प्रत्यक्षात मालकीण ऑफिसला जाते, पाऊस सुरू होतो आणि ती मेसेज टाकते, 'त्याला जरा आत घ्याल का?' यार्डचा मोतद्दार घोडा आत आणतो. पैसे नाहीत, करार नाही, शेजारधर्म म्हणून केलेलं काम. पण त्या दहा मिनिटांत घोडा यार्डच्या ताब्यात असतो. फरशीवर पाय घसरून त्याने गुडघा फोडून घेतला, तर प्रश्न यार्डला विचारला जाणार. ताबा घेतलेल्याकडे माल खराब झाला, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे त्यानेच दाखवायचं, असं तिथला कायदा मानतो. म्हणून तक्त्यात जे करारात आहे ते नव्हे, जे रोज घडतं ते लिहायचं. ब्रोकरलाही तेच कळवायचं: 'डीआयवाय, पण गरजेनुसार ने-आण आणि चंदी यार्ड करतं.'

आता पॉलिसीचे भाग. पहिला पब्लिक लायबिलिटी. यार्डच्या हलगर्जीपणामुळे तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर भरपाई आणि वकिलाचा खर्च यातून निघतो. मर्यादा 20 लाख, 50 लाख, 1 कोटी पौंड अशा टप्प्यांत मिळते. आकडे डोळे फिरवणारे वाटतात, पण एखादा तरुण कायमचा अपंग झाला तर आयुष्यभराची शुश्रूषा आणि बुडालेली कमाई मिळून रक्कम कुठल्या कुठे जाते. 20 लाखांवरून 50 लाखांवर जाताना हप्ता त्या प्रमाणात वाढत नाही. इथे काटकसर करू नये.

पण याच भागाच्या पोटात एक अपवाद असतो: विमाधारकाच्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या मालमत्तेचं नुकसान वगळलं आहे. यार्डच्या ताब्यात असतं काय? घोडेच! म्हणजे साध्या पब्लिक लायबिलिटीवर यार्ड चालवलं, तर लोकांच्या घोड्यांना झालेली इजा सरळ बाहेर राहते. त्यासाठी 'केअर, कस्टडी अँड कंट्रोल' हे कलम वेगळं घ्यावं लागतं. ते पॉलिसीत आहे का, एवढंच पाहून थांबायचं नाही. त्याला दोन मर्यादा असतात, एका घोड्यामागे किती आणि वर्षाला एकूण किती. समजा घोड्यामागे 10,000 पौंड आणि वर्षाला 50,000. शर्यतीचा किंवा ड्रेसाजचा, म्हणजे कवायतीच्या स्पर्धेचा, एक चांगला घोडा 10,000 च्या पुढे सहज जातो. आणि एका रांगेला आग लागून आठ घोडे गेले, तर 50,000 पाचव्याच घोड्याला संपतात. आमचा हिशोब असा: यार्डमधल्या सगळ्यात महागड्या घोड्याची किंमत ही एका घोड्याची मर्यादा, आणि एका छपराखाली उभ्या असलेल्या घोड्यांची बेरीज ही वर्षाची मर्यादा. ती परवडत नसेल तर महागडा घोडा नाकारायचा, किंवा मालकाशी करारात किमतीची कमाल मर्यादा लिहून घ्यायची.

याच कलमाबद्दल मालकांचा एक गैरसमज वेळीच दूर करावा लागतो. हे कलम यार्डची चूक असेल तेव्हाच पैसे देतं. रात्री पोटशूळ उठून घोडा मेला आणि यार्डने वेळेवर पशुवैद्य बोलावला असेल, तर यार्डचा विमा एक पैसाही देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मालकाचा स्वतःचा विमा असेल तर तो देईल. पण मालकाच्या कंपनीने पैसे दिले म्हणजे विषय मिटला, असंही नाही. यार्डची चूक दिसली तर ती कंपनी मालकाच्या वतीने यार्डवर वसुलीचा दावा लावू शकते. मालकीण चहा पीत 'जाऊ द्या हो' म्हणाली, तरी तिची विमा कंपनी तसं म्हणेलच असं नाही.

दुसरा मोठा धोका रस्त्याचा. 1971 च्या ॲनिमल्स ॲक्टच्या दुसऱ्या कलमात अशी तरतूद आहे की, जनावराच्या विशिष्ट स्वभावामुळे नुकसान झालं तर काही परिस्थितींत त्याचा 'कीपर' चूक नसतानाही जबाबदार ठरतो. 2003 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, असंच प्रकरण आलं. कशाने तरी बुजलेले घोडे रात्री कुरणातून चौखूर उधळले आणि दुपदरी महामार्गावर आले. गाडीला धडक बसून चालक गंभीर जखमी झाला. कुंपणात दोष सापडला नाही, निष्काळजीपणाही नाही, तरी घोडे पाळणारे जबाबदार ठरले. कायद्यात कीपर म्हणजे घोड्याचा मालक किंवा ज्याच्या ताब्यात तो आहे तो. म्हणजे मालक आणि यार्ड दोघंही त्या व्याख्येत येऊ शकतात. म्हणून प्रत्येक मालकाकडून त्याच्या स्वतःच्या थर्ड पार्टी विम्याची प्रत घ्यायची. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सदस्यत्वात असं संरक्षण मिळतं, आणि बरेच मालक तेच दाखवतात. चालतं. पण सदस्यत्व वर्षाने संपतं, त्यामुळे मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकायची.

चूक नसतानाही जबाबदारी येत असेल तर कुंपणाची नोंद कशाला ठेवायची, असं कोणी विचारेल. कारण बहुतेक दाव्यांत दोन्ही मुद्दे लावले जातात आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला तर बचावाला जागाच उरत नाही. शिवाय विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी कुंपणच बघतो. घोड्यांसाठी कुंपण साधारण 1.25 मीटर उंच असावं, असं सरकारी मार्गदर्शक संहितेत आहे. तट्टांना 1 मीटर चालतं. काटेरी तार घोड्यांना नको. विजेची टेप असेल तर टेस्टरने दाब मोजायचा. 3,000 व्होल्टच्या खाली आला तर वाढलेलं गवत टेपला कुठेतरी टेकलंय, असं समजून शोधायला निघायचं. रस्त्याकडच्या फाटकाला दोन्ही बाजूंनी साखळी-कुलूप, आणि वरच्या बिजागरीचा खुंटा उलटा, म्हणजे टोक खाली करून बसवायचा. खुंटे दोन्ही वर तोंड करून असले तर कुलूप न तोडता फाटक नुसतं उचलून काढता येतं. चोर तसंच करतात. घोडासुद्धा मान घालून वर ढकलतो. आठवड्याच्या फेरीची नोंद वहीत: तारीख, कुरण, कोण फिरलं, काय मोडलं, कधी दुरुस्त केलं. 'सर्व ठीक' एवढंच लिहिलेल्या वहीला कोणी किंमत देत नाही; मोडलेल्या फळ्यांची नोंद असलेली वहीच खरी वाटते.

तिसरा भाग एम्प्लॉयर्स लायबिलिटी. आपल्याकडे गाडीचा थर्ड पार्टी विमा जसा सक्तीचा, तसा ब्रिटनमध्ये नोकर ठेवणाऱ्याला हा विमा 1969 च्या कायद्याने सक्तीचा आहे. किमान 50 लाख पौंड. बहुतेक कंपन्या 1 कोटीचाच देतात. विमा नसेल तर दिवसाला 2,500 पौंडांपर्यंत दंड, आणि प्रमाणपत्र लावलं नाही किंवा निरीक्षकाला दाखवलं नाही तर 1,000 पौंडांपर्यंत. प्रमाणपत्र नोकरांना सहज बघता येईल अशा प्रकारे संगणकावर ठेवलं तरी चालतं. नोकरीत फक्त जवळचे नातेवाईक असतील तर सूट आहे, पण यार्ड लिमिटेड कंपनी असेल तर ती सूट नाही.

यार्डमध्ये नोकर कोण, हे मात्र सोपं नाही. शनिवार-रविवारी लीद काढणारी पंधरा वर्षांची मुलगी, जिला मोबदल्यात एका तट्टावर रपेट मिळते. 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणवणारी मोतद्दार, जी यार्डच्या वेळेत, यार्डच्या फावड्याने, यार्ड सांगेल ते काम करते. विम्याच्या दृष्टीने दोघींनाही नोकर धरलं जाऊ शकतं. बिल कोण देतं यापेक्षा काम कोणाच्या हुकुमाने चालतं हे पाहिलं जातं. आम्ही अशी सगळी नावं वेतनाच्या अंदाजात धरतो, बिनपगारी मदतनीसांची संख्या वेगळी लिहितो, आणि ब्रोकरकडून 'यांना संरक्षण आहे' हे ईमेलवर घेतो. फोनवरचं आश्वासन उपयोगाचं नाही. याच भागासाठी कंपनी पगाराच्या कराचा एम्प्लॉयर रेफरन्स नंबर मागते. तो आधीच काढून ठेवला तर शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही.

यानंतर प्रपोजल फॉर्म. अनेक यार्ड हा फॉर्म चहाच्या कपासोबत अर्ध्या तासात भरून टाकतात आणि मग पाच वर्षांनी त्याची किंमत मोजतात. व्यावसायिक विम्याला 2015 चा इन्शुरन्स ॲक्ट लागू आहे, ऑगस्ट 2016 पासून. त्यात विमाधारकावर 'फेअर प्रेझेंटेशन'चं कर्तव्य आहे. जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट, जी तुम्हाला माहीत आहे किंवा वाजवी शोध घेतला असता माहीत झाली असती, ती सांगायची. फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं, ही सबब चालत नाही. मुद्दाम लपवलं तर कंपनी पॉलिसी रद्द करून हप्ताही ठेवून घेऊ शकते. अनवधानाने राहिलं आणि खरं कळलं असतं तर कंपनीने जास्त हप्ता लावला असता, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. 2,000 पौंड भरले आणि खरा हप्ता 4,000 झाला असता, तर 60,000 च्या दाव्यावर 30,000 हातात.

म्हणून सांगण्यासारखं काय असतं? रिंगण बाहेरच्या लोकांना तासावर भाड्याने देता का. बाहेरचे प्रशिक्षक येऊन शिकवतात का. वळू घोडा ठेवता का. शिंगरं जन्मतात का. घोडा विकून देण्यासाठी ठेवून घेता का. उन्हाळ्यात मुलांचं शिबिर, वर्षातून एक छोटी स्पर्धा, सार्वजनिक पायवाट कुरणातून जाते का, ओढ्याचं पाणी चढतं का. मागच्या पाच वर्षांत दाव्यापर्यंत न गेलेले पण जाऊ शकले असते असे प्रसंग. दुगाणी बसून हात मोडलेला पाहुणा, ज्याने तक्रार केली नाही, तोही यात येतो. जुन्या कंपनीकडून 'क्लेम्स एक्स्पीरियन्स' नावाचं, मागच्या दाव्यांचा तपशील देणारं पत्रक मिळतं. ते मागवायला वेळ लागतो, त्यामुळे नूतनीकरणाच्या सहा ते आठ आठवडे आधी मागायचं.

त्याच कायद्यात यार्डच्या बाजूचंही एक कलम आहे, आणि ते फारसं कोणी वापरत नाही. एखादी अट पाळली गेली नसेल, पण ती न पाळल्यामुळे प्रत्यक्षात झालेल्या नुकसानाचा धोका वाढणं शक्यच नव्हतं, तर कंपनी त्या अटीवर बोट ठेवून दावा नाकारू शकत नाही. खोगीरखोलीचं कुलूप ठरलेल्या दर्जाचं नव्हतं आणि वादळात छप्पर उडालं, तर कुलपाचा मुद्दा उपटता येणार नाही. चोरीच्या दाव्यात मात्र तोच मुद्दा जीवघेणा. खोगीरखोलीसाठी सहसा बीएस 3621 या ब्रिटिश मानकाचं पाच लिव्हरांचं कुलूप मागतात, आणि चोरीच्या कलमात 'जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा' असाव्यात, अशी अट असते. दार उघडं राहिलं होतं, चोर चालत आला आणि खोगीर घेऊन चालत गेला, तर पैसे नाहीत. लोकांची खोगिरं यार्डच्या पॉलिसीत बहुधा नसतातच. तसं ठळक पत्रक खोलीच्या दारावर लावलेलं बरं.

सर्व्हेअर येतो तेव्हा त्याचं लक्ष आगीवर. लाकडी इमारत, वर गवत, खाली भुसा. याहून पेटायला सोपं काय असणार? विजेच्या वायरिंगचा तपासणी अहवाल पाच वर्षांच्या आतला हवा. उंदीर तारांचं आवरण कुरतडतात, म्हणून तारा धातूच्या नळीतून नेलेल्या असाव्यात, असं बहुतेक सर्व्हेअर म्हणतात. एक्स्टेन्शन बोर्डवर लोंबणारी किटली, झुली धुण्याचं मशीन आणि थंडीतला हीटर ही तीन ठिकाणं तो हमखास शोधतो. लिदीचा उकिरडा आतून तापतो, त्यामुळे तो भिंतीला चिकटून नको. आगीच्या धोक्याचं मूल्यमापन ऑक्टोबर 2023 पासून छोट्या धंद्यांनाही पूर्ण लेखी ठेवावं लागतं; तो कागद आधीच हातात दिला की सर्व्हेअरची अर्धी प्रश्नावली संपते.

गवताबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नुकसान मोठं आणि टाळता येण्यासारखं असतं. वाळलेलं गवत ओलसर असतानाच गासड्या बांधल्या, तर आतले सूक्ष्मजीव श्वसन करतात, उष्णता साठते आणि पुढे रासायनिक क्रिया सुरू होऊन गासडी आपोआप पेटू शकते. छोट्या गासड्यांत ओलावा 18 ते 20 टक्क्यांच्या खाली हवा. मोठ्या गासड्यांमधून उष्णता बाहेर पडायला वाव कमी, म्हणून त्या याहून कोरड्या. बांधल्यानंतरचे पहिले सहा-आठ आठवडे धोक्याचे. लांब सळईचा थर्मामीटर थराच्या मध्यापर्यंत घालायचा. 50 अंश सेल्सियसपर्यंत रोज बघायचं. 65 ओलांडलं की दिवसातून अनेकदा. 80 च्या आसपास गेलं तर थर फोडायचा नाही. हवा लागताच भडका उडतो. आधी अग्निशमन दल, मग गासड्या. ही तापमानं तारखेनिशी वहीत असतील तर 'गवत नीट साठवलं नव्हतं' हा आक्षेप टिकत नाही. कोठार ठाणांपासून वेगळं, शक्य तितकं दूर. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या हेलेजला, म्हणजे अर्धवट वाळवलेल्या गवताला, हा धोका नाही. त्याचे त्रास वेगळे.

इमारतींची रक्कम ठरवताना बाजारभाव धरायचा नाही, पुन्हा बांधायचा खर्च धरायचा. त्यात मलबा हटवणं, वास्तुविशारदाची फी आणि जुन्या छपरात ॲस्बेस्टस असेल तर त्याची विल्हेवाट हे सगळं. कमी रकमेचा विमा काढला तर 'ॲव्हरेज'चं कलम लागतं, म्हणजे भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते. बांधायला 2,00,000 पौंड लागणार, विमा 1,00,000 चा. एक रांग जळून 40,000 चं नुकसान झालं तर मिळणार 20,000. लोकांना वाटतं, विमा 1,00,000 चा आहे आणि नुकसान 40,000 चं, म्हणजे सगळे मिळतील. मिळत नाहीत. वादळात मोडलेली कुंपणं आणि फाटकं तर अनेक पॉलिसींत मुळातच वगळलेली असतात.

उत्पन्नाच्या विम्यात मुदत महत्त्वाची, म्हणजे बुडालेलं उत्पन्न किती महिने भरून मिळेल ती. जळालेल्या रांगेच्या जागी नवी उभी करायला नियोजन परवानगी, बांधकाम आणि गेलेले ग्राहक परत मिळवणं धरलं तर 12 महिने अपुरे पडतात, 24 घ्यावेत. स्ट्रँगल्स हा घोड्यांचा संसर्गजन्य आजार आला की यार्ड स्वतःहून आत-बाहेर बंद करतं, नवे घोडे थांबतात. पण स्ट्रँगल्स ब्रिटनमध्ये सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत नाही, आणि पॉलिसीतलं रोगांचं कलम बहुधा त्याच यादीवर टेकलेलं असतं. म्हणजे यार्ड बंद करणारा नेहमीचा आजारच बाहेर. त्यासाठी विमा शोधत बसण्यापेक्षा नव्या घोड्यासाठी वेगळं ठाण आणि रक्ततपासणीचा नियम जास्त कामाचा.

ट्रॅक्टर, घोड्यांची गाडी, क्वाडबाइक यांचे विमे वेगळे. एकच गोष्ट पाहायची: ग्राहकाचा घोडा पैसे घेऊन नेत असाल तर वाहनाच्या पॉलिसीत 'हायर अँड रिवॉर्ड' वापर लिहिलेला हवा.

पॉलिसी हातात आल्यावर लिव्हरीचा करार तिच्याशी ताडून बघायचा. ब्रोकर हे करत नाही. घोड्याची कमाल किंमत, मालकाच्या थर्ड पार्टी विम्याची सक्ती, मालकाशी संपर्क न झाल्यास किती पौंडांपर्यंत उपचाराला आणि कोणत्या परिस्थितीत दयामरणाला संमती, पासपोर्ट यार्डमध्ये ठेवणं, मायक्रोचिप नंबर. हे सगळं करारात. 'घोडे मालकाच्या जबाबदारीवर' या पाटीवर विसंबू नये. निष्काळजीपणामुळे माणसाला झालेली इजा किंवा मृत्यू यांची जबाबदारी पाटी लावून किंवा करारात लिहून झटकता येत नाही. ग्राहकांच्या बाबतीत 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टमध्ये हे स्पष्ट आहे.

बाहेरच्या प्रशिक्षकांकडून दरवर्षी विम्याची प्रत घ्यायची आणि त्यावरचा व्यवसाय वाचायचा. 'रायडिंग इन्स्ट्रक्शन' लिहिलेल्या पॉलिसीवर घोडा शिकवून तयार करणं येईलच असं नाही. नालबंद नोंदणीकृतच हवा. नोंदणी नसलेल्याने नाल मारणं तिथे गुन्हा आहे. नालबंद गरम नाल बसवतो तिथे भुसा पसरलेला नसावा.

दोन-तीन कोटेशनं समोर आली की बेरजेकडे शेवटी बघायचं. आधी ताब्यातल्या घोड्यांच्या दोन मर्यादा, मग अपवाद, मग अटी, मग एक्सेस म्हणजे पहिली किती रक्कम आपण सोसायची. हप्त्यावर 12 टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स लागतो. तो व्हॅटसारखा परत मिळत नाही. मासिक हप्त्यांवर व्याज असतं, आणि एक हप्ता चुकला तर पॉलिसी रद्द होऊ शकते.

अपघात झाला की क्रम ठरलेला. माणूस आणि घोडा सुरक्षित, मग फोटो: फाटक, कुलूप, फरशी, दोरी. तुटलेली दोरी किंवा बकल फेकायचं नाही, पिशवीत घालून तारीख लिहायची. अपघाताच्या वहीत नोंद. नोकर सात दिवसांपेक्षा जास्त काम करू शकला नाही तर कामावरचे अपघात नोंदवायच्या सरकारी रिडॉर व्यवस्थेत कळवणं. साक्षीदारांचे जबाब त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत. 'सॉरी, आमचीच चूक' हे तोंडातून किंवा व्हॉट्सॲपवर जाऊ द्यायचं नाही. चौकशी करावी, दवाखान्यात न्यावं, पण जबाबदारी मान्य करणं हे कंपनीचं काम, आणि तसं पॉलिसीत लिहिलेलं असतं. ब्रोकरला त्याच दिवशी ईमेल, दावा येवो न येवो. इजेचे 25,000 पौंडांपर्यंतचे दावे ऑनलाइन पोर्टलवरून येतात आणि पब्लिक लायबिलिटीत जबाबदारीबद्दल उत्तर द्यायला कंपनीला 40 कामकाजाचे दिवस मिळतात. यार्डकडून कागद उशिरा गेले तर ते दिवस कागदांची वाट पाहण्यातच संपतात.

जबाबदारीच्या पॉलिसी सहसा अपघात ज्या वर्षी झाला त्या वर्षाच्या चालतात, दावा आला त्या वर्षाच्या नव्हेत. इजेचा दावा करायला प्रौढाला तीन वर्षं असतात. मुलांची तीन वर्षं अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होतात. आठ वर्षांची मुलगी आज तट्टावरून पडली, तर आजच्या पॉलिसीवर तेरा वर्षांनी पत्र येऊ शकतं, आणि तेव्हा ब्रोकर बदललेला असतो, विमा कंपनीचं नाव बदललेलं असतं. त्यामुळे शेड्यूल, प्रमाणपत्र, प्रपोजल फॉर्मची भरलेली प्रत आणि त्या वर्षाचा ताब्याचा तक्ता एका फाइलीत, वर्ष घालून, यार्डच्या इमारतीबाहेर ठेवायचा. खोगीरखोलीतल्या कपाटात नको.